मागच्या रांगेतला बाण: चौथ्या लेव्हलला काय घ्यावं?

पत्र

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ चे नियम घेऊन आम्ही चौघं आणि आमचा डीएम (खेळ चालवणारा) गेले काही महिने खेळतोय. माझं पात्र एल्फ रेंजर, म्हणजे शिकारी-तीरंदाज आहे. लाँगबो, डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, विज्डम १४, आर्चरी स्टाइल, तिसऱ्या लेव्हलला हंटर ही शाखा घेतलीय. स्पेल तीन: हंटर्स मार्क, क्युअर वूंड्स आणि जंप. सोबत एक फायटर (बॅटल मास्टर), एक क्लेरिक (देवभक्त मांत्रिक) आणि एक वॉरलॉक (लांबून मारणारा मांत्रिक).

सध्या आम्ही एका जुन्या खाणीत आहोत. बोळ जेमतेम दोन चौकोन रुंद. फायटर आणि क्लेरिक खांद्याला खांदा लावून पुढे उभे राहतात, मी आणि वॉरलॉक मागे. मी बाण मारला की डीएम दर वेळी म्हणतो, "मध्ये फायटर आहे, गॉब्लिनला कव्हर, एसी दोनने वाढला." एसी म्हणजे बाण लागायला गाठायचा आकडा. फायटरने गॉब्लिनला पाडलं तर मला उलट डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणं) मिळतो. मागच्या लढाईत बारा बाण सोडले, पाच लागले. लढाई संपल्यावर फायटर म्हणाला, "तू मागे सुरक्षित उभी, मार आम्ही खायचा." ते मला लागलं.

आता चौथी लेव्हल मिळालीय, म्हणजे एक फीट (खास कौशल्य) घ्यायची किंवा एखादा गुण दोनने वाढवायचा. सगळे म्हणतात, डोळे मिटून शार्पशूटर घे. मला क्रॉसबो एक्स्पर्टही खुणावतोय, आणि डेक्स्टेरिटी १८ करायचा पर्याय आहेच. खरं सांगायचं तर पाळी आली की मी फासा टाकते, लागला की नाही ते सांगते आणि पुढच्या पाळीपर्यंत गप्प बसते. काय घेऊ?

– मागच्या रांगेतली तीरंदाज

ता. क. वॉरलॉकनेही काय घ्यावं, ते सांगाल का?

उत्तर

बारापैकी पाच. तुमच्या पत्रातला हा आकडा मी आधी घेते, कारण तुमचा स्वतःवरचा विश्वास त्याच्यामुळे उडालाय आणि तो उडायला नको होता.

तुमचा बाण सुटताना वीस बाजूंच्या फाशावर किती मिळवता? डेक्स्टेरिटीचे ३, प्रोफिशियन्सीचे २, आर्चरीचे २, एकूण ७. साध्या गॉब्लिनचा एसी १५. तुमच्या आणि त्याच्या मध्ये फायटर उभा, म्हणजे अर्धं कव्हर, एसी १७. फाशावर १० किंवा जास्त पडायला हवं. शंभरात ५५ वेळा लागेल. बारा बाणांत सहा-सात लागणं अपेक्षित होतं, पाच लागले. कव्हर नसतं तर आठच्या आसपास लागले असते. म्हणजे तुमची रेंजर कमजोर नाही. एक-दीड बाण नशिबाने गेला, साधारण एक कव्हरने गेला. डीएमही नियमाला धरूनच बोलतोय. मध्ये उभं असलेलं माणूस मित्र असो की शत्रू, मागच्याला अर्धं कव्हर मिळतं.

आता "डोळे मिटून शार्पशूटर". हा सल्ला कुठून येतो ते मला ठाऊक आहे. पाच कमी करून बाण मारायचा आणि लागला तर डॅमेज दहाने जास्त, शिवाय अर्धं कव्हर विसरता येतं. आकडा मोठा दिसतो, टेबलावर सगळे "ओ!" करतात. पण तुमच्या समोर सध्या कोण आहे? गॉब्लिन. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, ७. सात हिट पॉइंटवाल्याला सतरा-अठरा डॅमेज दिलं म्हणून तो दोनदा मरत नाही.

हिशोब मांडूनच दाखवते. क्रिटिकल हिट (फाशावर २० पडल्यावरचा जादा डॅमेज) यात धरलेला नाही, त्याने फार फरक पडत नाही. फायटरच्या आडून दिसणारा गॉब्लिन एका बाणात मरण्याची शक्यता आज शंभरात ३४ आहे, कारण नुसतं लागून चालत नाही, आठ बाजूंच्या फाशावर ४ किंवा वरही पडावं लागतं. शार्पशूटर घेऊन पाच कमी, दहा जास्त असा बाण मारलात तर ४०. शार्पशूटर घेऊनही साधाच बाण मारलात, म्हणजे फक्त कव्हर विसरायचा फायदा घेतलात, तर ४१. आणि फीट न घेता डेक्स्टेरिटी १८ केलीत तर ४५. कारण नेमही एकने वाढतो आणि डॅमेजही एकने, आणि सात हिट पॉइंटच्या शत्रूसमोर तो डॅमेजमधला एक फार मोलाचा असतो.

हंटर्स मार्क लावलेला असेल तर चित्र थोडं बदलतं. मग सहा बाजूंचा फासा सोबत येतो आणि लागलेला जवळजवळ प्रत्येक बाण गॉब्लिनला संपवतो, म्हणून प्रश्न फक्त नेमाचा उरतो. कव्हरमधल्या गॉब्लिनवर शार्पशूटरचा साधा बाण ६१, डेक्स्टेरिटी १८ वाला ५९. बरोबरीच म्हणायची. पण तो दहा डॅमेजवाला बाण तिथेही चाळिसावरच अडकतो. मित्र ज्या आकड्यासाठी तुम्हाला ही फीट घ्यायला सांगताहेत, तोच आकडा तुमच्या खाणीत सगळ्यात निरुपयोगी आहे.

शत्रू बदलला की मात्र माझंही मत बदलतं. ओगर घ्या. एसी अवघा ११, हिट पॉइंट ५९. आज तुमचा एक बाण त्याला सरासरी ६.४ डॅमेज देतो. डेक्स्टेरिटी १८ ने तो ७.६ होईल. शार्पशूटरने १०.५. इथे कुणाशी वाद घालायचं कारणच नाही. ओगरला नेम चुकवणं अवघड, आणि दिलेला प्रत्येक पॉइंट तो अंगावर घेतो, काही वाया जात नाही. हॉबगॉब्लिनकडे या आणि पुन्हा उलटं: एसी १८, हिट पॉइंट ११. त्याच्यावर शार्पशूटरचा जड (पाच कमी, दहा जास्त) बाण शंभरात २५ वेळाच लागतो. म्हणून कुठलीही लांबून मारायची क्षमता निवडताना मी आधी विचारते की शत्रू किती चिवट आहे आणि त्याला लागतं किती सहज. ही दोन उत्तरं नसतील तर फीटच्या पानावरचे मोठे आकडे फसवतात.

तेव्हा डीएमला सरळ विचारा. कथा फोडून सांगू नकोस म्हणावं, पण येत्या दोन-तीन सेशनमध्ये आम्ही खाणीतच आहोत की बाहेर पडून धिप्पाड शत्रूंशी गाठ आहे, एवढं सांग. चांगला डीएम हे सांगतो, कारण तुमची निवड फुकट गेलेली त्यालाही नको असते. बाहेर ओगर-ट्रोल असतील तर शार्पशूटर आजच घ्या. खाणीतच राहणार असाल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: चौथ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी १८, आठव्या लेव्हलला शार्पशूटर. डेक्स्टेरिटीने एसी, इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम), डेक्स्टेरिटीचे सेव्ह (संकट टाळायचे फासे) आणि लपण्याचं कौशल्य हेही वाढतं, आणि हे सगळं बाण न मारता मिळतं. आठवीपर्यंत शत्रूही जाडजूड होतात. तेव्हा तुमचे मिळवायचे ९ असतील. एसी १५ वर साधा बाण सरासरी ६.४ देईल आणि जड बाण ९.२५. पाचवीपासून एका पाळीत दोन बाण सुटणार असल्याने हा फरक दुप्पट जाणवेल. एसी २० च्या आसपास दोन्ही बाण सारखे होतात, त्याच्या वर जड बाण मारू नका. हा एक आकडा कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

क्रॉसबो एक्स्पर्टबद्दल थोडक्यात. हँड क्रॉसबोने बोनस अॅक्शनमधून, म्हणजे पाळीतल्या छोट्या जादा कृतीतून, दुसरा बाण मारता येतो आणि शत्रू अंगाशी आला तरी डिसअॅडव्हांटेज लागत नाही. चौथ्या लेव्हलला दोन बाण म्हणजे चैन आहे, आकड्यांत ही फीट कुणापेक्षा कमी नाही. तरी तुम्हाला मी ती देणार नाही. हंटर्स मार्क लावायला आणि हलवायलाही तीच बोनस अॅक्शन लागते. गॉब्लिन एकेका बाणात मरत असताना तुम्ही दर पाळीला मार्क हलवायचा की दुसरा बाण मारायचा यातच अडकाल. शिवाय एल्फच्या हातचा लाँगबो सोडून देताना तुम्हालाच वाईट वाटेल, असं पत्राच्या सुरावरून वाटतं. फायटरने क्रॉसबो हाती घेतला असता तर त्याला हीच फीट पहिली सांगितली असती.

आता फीटच्या पलीकडचं, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी एका मोहिमेत मी फायटर खेळायचे. आमच्याही मागे एक तीरंदाज होता आणि आमचीही अशीच भिंत: मी डावीकडे, क्लेरिक उजवीकडे, बोळ बंद. एकदा पाळी येण्याची वाट बघताना त्या तीरंदाजाने पेन्सिल उचलली आणि नकाशावर आडवी ठेवली, एक टोक त्याच्या सोंगटीला, दुसरं गॉब्लिनला. पेन्सिल बरोबर क्लेरिकच्या सोंगटीवरून जात होती. तो काही बोलला नाही. क्लेरिक खेळणाऱ्या मैत्रिणीने क्षणभर पेन्सिलीकडे पाहिलं आणि आपली पाळी आल्यावर सोंगटी दोन घरं सरकवली: उजवीकडून उचलून माझ्या पाठीमागे, डाव्या बाजूला. उजवा अर्धा बोळ मोकळा झाला. त्या बाजूने पुढे येणाऱ्या कुठल्याच गॉब्लिनला कव्हर उरलं नाही. माझ्या नाकासमोर जो होता त्याला अजून होतं, पण त्याच्याकडे मी बघत होतेच.

आणि क्लेरिकचं काय बिघडलं? काहीच नाही. सेक्रेड फ्लेम हा तिचा कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल) कव्हर मानतच नाही. साठ फुटांच्या आत शत्रू दिसला की पुरे, मध्ये कोण उभं आहे याने त्याच्या सेव्हला फायदा होत नाही. तुमच्या क्लेरिककडे तो असेल तर फायटरच्या पाठीमागे उभं राहायला पार्टीत तिच्यापेक्षा योग्य कुणी नाही. तुम्ही तिथे उभ्या राहता आणि ती पुढे, हेच उलटं झालंय.

याची किंमत आहे, तीही सांगते. बाणाला जी वाट मिळते तीच गॉब्लिनलाही मिळते. म्हणून फायटरच्या मागे किमान चार चौकोन अंतर ठेवून उभ्या राहा. मग तुमच्यापर्यंत यायला गॉब्लिनला आधी फायटरच्या आणि मग क्लेरिकच्या टप्प्यातून बाहेर पडावं लागतं, दोघांनाही ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर एक जादा वार) मिळू शकतो. गॉब्लिन लबाड असतात, निम्बल एस्केपने बोनस अॅक्शनमध्ये डिसएंगेज करून ते हे फटके चुकवतात. चुकवू द्या. असा एकटा आत शिरलेला गॉब्लिन पुढच्या पाळीत तुम्हा सगळ्यांच्या मध्ये सापडलेला असतो.

तो अंगाशी आला की धनुष्याचा हट्ट धरू नका. जवळच्या शत्रूमुळे डिसअॅडव्हांटेज, म्हणजे शंभरात ६५ वरून ४२. शॉर्टस्वोर्ड काढलीत तर आर्चरीचे दोन जातात, तरी ५५ राहतात. लाँगबोला दोन हात फक्त बाण सोडताना लागतात. एरवी तो एका हातात राहतो, दुसऱ्या हाताने तलवार काढायची, वार करायचा, पुढच्या पाळीला म्यान करून पुन्हा बाण. यात एकही फीट खर्च होत नाही.

हीच तलवार फायटरने पाडलेल्या गॉब्लिनसाठीही आहे. आडवा पडलेल्यावर लांबून मारताना डिसअॅडव्हांटेज मिळतो, पण पाच फुटांच्या आतून मारणाऱ्याला अॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा). धनुष्याने शंभरात ४२, तलवारीने ८०. जवळ उभं राहायला मोकळा चौकोन असेल तर पुढे जा आणि मारा. नसेल तर फायटरशी ठरवून घ्या: त्याच्यानंतर लगेच क्लेरिकची पाळी असेल आणि ती गदा चालवणार असेल तर त्याने खुशाल पाडावं. तुमची असेल तर पाडण्याऐवजी दुसरा मॅनुव्हर (लढाईतला डाव) वापरावा. शत्रूला घाबरवणारा मेनसिंग अटॅक त्याच्याकडे असेल तर त्यातून तुमच्या बाणाला काही अडथळा येत नाही. हे बोलणं लढाईच्या मधोमध करू नका. त्या वेळी ते तक्रारीसारखं ऐकू येतं. खेळ सुरू व्हायच्या आधी, सोंगट्या मांडताना बोला.

त्याच्या त्या वाक्याबद्दल. "मार आम्ही खायचा" हे त्याने दुष्टपणाने म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पुढे उभं राहून मीही अनेकदा शून्यावर पडलेय, आणि जमिनीवर पडून डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचा फासा) टाकताना मागच्या माणसाचा एक जरी चुकलेला बाण दिसला तरी तो फार मोठा वाटतो. त्याला जास्त डॅमेज नको असतं. त्याच्यावर होणारे वार कमी व्हावेत असं त्याला वाटत असतं. आणि तिथेच तुमच्या कंटाळ्याचंही उत्तर आहे.

२०१४ च्या नियमांत रेंजर लेव्हल वाढताना माहीत असलेला एक स्पेल बदलू शकतो. जंप सोडा, एन्स्नेरिंग स्ट्राइक घ्या. बोनस अॅक्शनने तो तयार ठेवायचा, पुढचा लागणारा बाण वेली घेऊन जातो, शत्रूने स्ट्रेंथचा सेव्ह चुकवला की तो जखडला. जखडलेल्याची चाल शून्य, त्याचे वार डिसअॅडव्हांटेजने, त्याच्यावरचे अॅडव्हांटेजने, शिवाय त्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सहा बाजूंच्या फाशाएवढं डॅमेज. सुटायला त्याला अख्खी अॅक्शन घालवावी लागते. बाण चुकला तरी स्पेल वाया जात नाही, कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवर धरलेलं लक्ष) टिकलं तर एक मिनिटापर्यंत तो पुढच्या बाणाची वाट बघतो.

तुमचा स्पेल सेव्ह डीसी, म्हणजे वाचायला शत्रूने गाठायचा आकडा, १२. गॉब्लिनची स्ट्रेंथ ८, म्हणजे तो शंभरात ६० वेळा अडकेल. ओगरवर मात्र हा स्पेल टाकू नका. त्याची स्ट्रेंथ १९, आणि लार्ज आकाराच्या शत्रूला या सेव्हवर अॅडव्हांटेज असतो. तो शंभरात बारा वेळा अडकला तर अडकला. वेली राखून ठेवा त्या अंगकाठीने किरकोळ मांत्रिकासाठी, जो मागे उभा राहून तुमच्या फायटरवर काहीतरी टाकत असतो. किंवा फायटरला चौघांनी घेरलंय त्यातल्या एकासाठी. ज्या पाळीला जखडलेल्या शत्रूचा वार डिसअॅडव्हांटेजमुळे हुकेल, त्या पाळीनंतर तो फायटर तुमच्याशी वेगळं बोलेल.

हंटर्स मार्क आणि एन्स्नेरिंग स्ट्राइक दोन्ही कॉन्सन्ट्रेशनचे, एका वेळी एकच चालतो. पहिल्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या संधी, तुमच्याकडे तीन. म्हणजे दर लढाईत, बाण सोडण्याआधी तुम्हाला ठरवावं लागणार: आज मारायचं की बांधायचं? कुणाला? आत्ता की पुढच्या पाळीला, फायटर त्याच्याजवळ पोचल्यावर? शार्पशूटरचा पाच-दहावाला प्रश्नही असाच वाटतो, पण शत्रूचा एसी कळला की त्याचं उत्तर ठरून जातं आणि पुन्हा नुसता फासा उरतो. वेलींचं उत्तर दर पाळीला नकाशा बघूनच द्यावं लागतं. तुम्ही गप्प बसून वाट बघता म्हणालात ना, त्या वेळात आता नकाशा वाचायचा.

नेम कुणावर धरायचा, हेही त्यातच येतं. कॉन्सन्ट्रेशन धरून बसलेल्या शत्रूला लागलेला प्रत्येक बाण त्याला वेगळा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकायला लावतो, डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मे, यांतलं जे जास्त असेल ते. पाचव्या लेव्हलला दोन बाण म्हणजे दोन सेव्ह. पुढच्या रांगेतल्या कुणाचाही हात तिथवर पोचत नाही, तुमचा पोचतो. पाचवीलाच स्पाइक ग्रोथ घेता येईल: वीस फूट त्रिज्येची काटेरी जमीन, तिच्यातून दर पाच फूट चालणाऱ्याला चार बाजूंचे दोन फासे डॅमेज. खाणीच्या बोळात तो पसरलात तर पलीकडच्यांनी काट्यांतून यायचं किंवा तिथेच थांबून बाण खायचे. लांबून लढणाऱ्या माणसासाठी त्या लेव्हलचा याहून चांगला स्पेल मला सापडलेला नाही.

तुमचा गट २०२४ च्या नियमांकडे वळणार असेल तर वरचा शार्पशूटरचा हिशोब पुसून टाका. त्यात पाच कमी, दहा जास्त हा भागच काढलाय. कव्हर विसरणं आणि लांबचा पल्ला राहिला, शत्रू जवळ असताना डिसअॅडव्हांटेज न लागणं त्यात आलं, आणि डेक्स्टेरिटीही एकने वाढते. तुमच्यासारखी १६ असताना एकने लगेच फरक पडत नाही, १७ असणाऱ्याला ती फीट सोन्यासारखी. आणि कधी पाथफाइंडरची पहिली आवृत्ती खेळलात तर तिथे मित्राशी भिडलेल्या शत्रूवर बाण मारताना चार कमी होतात. त्या खेळात पॉइंट-ब्लँक शॉट आणि त्यामागून प्रिसाइज शॉट घेतल्याशिवाय तीरंदाजाने दुसरं काही बघूच नये.

राहिला वॉरलॉक. त्याची चौथ्या लेव्हलची निवड सोपी आहे: कॅरिस्मा २० झालेला नसेल तर कॅरिस्मा वाढवायचा. एल्ड्रिच ब्लास्ट या त्याच्या मुख्य हल्ल्याचा नेम त्याच्यावर आणि अॅगोनायझिंग ब्लास्टमुळे डॅमेजही त्याच्यावर. कव्हर विसरायला लावणारी स्पेल स्नायपर ही फीट त्याला मोह घालेल, पण तुम्ही जागा बदललीत की तिची गरज बरीच कमी होते. त्याला विचारा मात्र, त्याच्या दोन इन्व्होकेशनमध्ये (वॉरलॉकच्या खास शक्तींमध्ये) रिपेलिंग ब्लास्ट आहे का? नसेल तर लेव्हल वाढताना एक इन्व्होकेशन बदलता येतं, तेव्हा तो घ्यावा. लागलेला ब्लास्ट शत्रूला दहा फूट, म्हणजे दोन चौकोन मागे ढकलतो. मोकळ्या बाजूने आत शिरलेला गॉब्लिन तुमच्या अंगावरून दूर होतो, तुमचा डिसअॅडव्हांटेज जातो, तलवार म्यानातच राहते. फक्त तुमच्या आधी त्याची पाळी यायला हवी. इनिशिएटिव्हमध्ये तो तुमच्या मागे असेल तर अॅक्शन राखून ठेवायची नाही, कारण राखलेला स्पेल कॉन्सन्ट्रेशन खातो. त्यापेक्षा तुम्हीच त्या फेरीला तलवार काढा, वॉरलॉकला नंतर ढकलू द्या, आणि पुढच्या फेरीत मोकळ्या बोळातून बाण सोडा.